आलो रे, मारुतीराया

मास्तर आतल्या खोलीत शिरण्याआधी दारात थांबत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "आलो रे, मारुतीराया." मग थोडा वेळ तिथेच उभे राहत. मग आत येत. दिवसातून दहा वेळा आत यायचं असेल तर दहा वेळा हेच. यात चमत्कारिक एवढंच होतं की मारुतीची तसबीर बाहेरच्या मोठ्या खोलीत होती. म्हणजे मारुतीकडे पाठ करून ते मारुतीला आल्याची वर्दी देत. शिवाय एरवी मालवणीत बोलणारा हा माणूस हे एक वाक्य मात्र शुद्ध मराठीत म्हणायचा. मारुतीला मालवणी कळत नसावी, असं आम्ही आपसात म्हणायचो आणि हसायचो.

व्यायामशाळा घोडपदेवला होती, चाळींच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली. बाहेरच्या खोलीत मलखांब, बेंच, वजनं आणि भिंतीवर एक फळा. आतली खोली लहान. तिथे कपडे बदलायचे, अंगाला तेल लावायचं. मुद्गलांच्या जोड्या तिथेच भिंतीला टेकवून ठेवलेल्या असत. मास्तरांचं नाव आत्माराम. मिलमध्ये साच्यावर कापड विणायचे आणि पाळी संपली की सरळ इथे यायचे. लग्न केलेलं नव्हतं. चणीने लहानच होते, पण पाठ मात्र दाराच्या फळीसारखी रुंद आणि सपाट. चपला त्यांनी कधी घातल्या नाहीत.

मी राहायचो गिरगावात. घरापासून पाच मिनिटांच्या आत तीन व्यायामशाळा होत्या. त्या सोडून ऑफिस सुटल्यावर बसने भायखळ्याला उतरून घोडपदेवपर्यंत चालत जाण्याचं कारण सांगायला हवं. मला पुरुष आवडतात हे मला कॉलेजात असल्यापासून ठाऊक होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला कळू नये एवढंच त्यानंतर माझ्या आयुष्याचं मुख्य काम होऊन बसलं होतं. मी भित्रा माणूस आहे. त्या काळी तर फारच होतो. घरी आई-वडील, लग्नाची बहीण, वडिलांच्या ओळखीने लागलेली नोकरी. एक शब्द बाहेर फुटला असता तर बहिणीचं लग्न मोडलं असतं, नोकरी गेली असती आणि घराचं दार बंद झालं असतं. परळला एक शिंपी होता, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. माझ्या पँटचं माप घेता घेता त्याने मला ओळखलं. कसं ओळखलं ते देव जाणे. तो म्हणाला, शरीर कमवायचं तर घरापासून लांब कमवावं, आणि मला घोडपदेवचा पत्ता दिला.

पहिल्या दिवशी दारात मास्तरांनी नाव विचारलंच नाही. "खंयसून इलंस?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, गिरगावातून. "बरा. मग तू गिरगाव." त्या दिवसापासून मी गिरगाव. शिंपी होता तो परळ. एक कंपाउंडर होता तो काळाचौकी. मोहन नावाचा एक कोळी होता, तो माहीम. मास्तरांच्या तोंडून मी तिथे कुणाचंही नाव ऐकलं नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याच्या लक्षात राहत नसतील. ते तेव्हा पंचेचाळिशीचेच असतील, पण आम्हाला म्हातारे वाटायचे.

त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असे: "काय खाल्लंस?" हा प्रश्न रोज, प्रत्येकाला, दारातच. उपाशीपोटी व्यायाम केलेला त्यांना मुळीच खपत नसे. तसा कुणी सापडला तर त्याला त्या दिवशी नुसतं मुद्गलांना तेल पुसायला बसवायचे आणि पुढ्यात मूठभर भिजवलेले चणे ठेवायचे.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सही करायचे, तीही वर-खाली बघत, कागद वाकडा धरून. म्हणून माझ्यावर एक काम आलं. कोणी कोणाबरोबर व्यायाम करायचा, म्हणजे एकाने बार उचलायचा तेव्हा दुसऱ्याने धरायला कोणी उभं राहायचं, ते मास्तर रोज ठरवत. त्यांनी सांगायचं आणि मी फळ्यावर लिहायचं. गिरगाव–माहीम. परळ–काळाचौकी. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला आणि मोहनला जोडी लावून दिली आणि नंतर ती कधी बदलली नाही. लिहून झालं की ते फळ्यासमोर उभे राहून माझी अक्षरं न्याहाळत. एकदा एका 'ल'वर बोट ठेवून म्हणाले, ह्याला तुझी शेपटी असते, दुसऱ्या कोणाच्या ह्या अक्षराला नसते. वाचता येत नसलं तरी अक्षर ओळखता येतं, हे मला तेव्हा नवीन होतं. आईला वडिलांची पावलं जिन्यावर ओळखू येत, तसंच ते.

आतल्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही सहा-सात जण जमायचो. तिथे काय चालत असेल याची बाहेरच्या कुणाला कल्पना करायला सांगितली असती तर त्याने भयंकर काहीतरी सांगितलं असतं. खरं म्हणजे तिथे बरेचदा भजी खाल्ली जायची. परळ नकला करायचा. काळाचौकी रडायचा, कारण त्याच्या घरचे त्याचं लग्न ठरवत होते. एकमेकांच्या पाठीला तेल लावता लावता दिवसभर जे घशात अडकलेलं असे ते बोलून टाकायचो. पाठीला तेल लावताना बोलणं सोपं जातं, समोरच्याचं तोंड दिसत नाही. मोहनची पाठ माझ्या वाट्याला आली होती. तो पहाटे धक्क्यावर मासळीच्या लिलावाला जायचा, त्यामुळे कितीही साबण लावला तरी त्याला थोडा समुद्राचा वास असे. मला तो वास घरी नेता आला असता तर नेला असता. माझा हात त्याच्या खांद्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला तरी इथे कुणी वळून बघत नसे. सबंध मुंबईत मला अशी दुसरी जागा माहीत नव्हती.

त्या खोलीत मुद्गलांच्या जोड्यांपासून वेगळा, कोपऱ्यात एकटा उभा असलेला एक मुद्गल होता. शिसवी, जड, मुठीपाशी घासून गुळगुळीत झालेला. त्याला कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. मास्तर स्वतः रोज त्याच्यावरची धूळ पुसत. त्याची जोडी कुठे आहे, असं मी एकदा विचारलं. मास्तर म्हणाले, त्यांच्या शेजारच्या साच्यावर एक जण होता, दोघे मिळून ही जोडी फिरवायचे, एकाने एक, दुसऱ्याने एक. तो गावी गेला, तापाने आजारी पडला आणि तिथेच गेला. त्याचा मुद्गल मास्तरांनी त्याच्या घरी पोचता केला. "एकटो फिरवचो नसता," म्हणाले, आणि फडक्याने पुसत राहिले. एवढीच काय ती त्यांनी स्वतःबद्दल मला सांगितलेली गोष्ट.

मग संप झाला. गिरण्यांचे भोंगे बंद पडले आणि व्यायामशाळा भरली. काम नसलेली तरणी माणसं दिवसभर करणार तरी काय, ती येऊन जोर मारायची. पहिले दोन-तीन महिने उत्साह होता. नंतर दारात 'काय खाल्लंस' विचारलं की लोक खोटं बोलायला लागले. डाळ-भात, चपाती-भाजी, काहीही सांगायचे. मास्तर त्यांच्या डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे बघायचे. उपाशी माणसाचे ओठ कोरडे असतात म्हणायचे. दिवसेंदिवस मुद्गल पुसणारे वाढले आणि जोर मारणारे कमी झाले. मास्तरांचा स्वतःचा पगारही बंद होता, पण चण्यांचं भगोणं रोज भिजत असे. ते कुठून आणत ते मला आजही माहीत नाही.

त्याच सुमाराला व्यायामशाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी एका माणसाला घेऊन आले. पांढरा सफारी, बोटात तीन अंगठ्या. कुणा भाईसाठी त्याला चार-सहा मजबूत हात हवे होते आणि ते कुठे मिळतील हे सेक्रेटरींनी त्याला सांगितलं होतं. पोरांना काम मिळेल, शिवाय जागेचंही भलं होईल, असं तो फार गोड आवाजात बोलत होता. मी फळ्यापाशी खडू हातात धरून उभा होतो. मास्तरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, इथे नवीन माणसाने आधी पन्नास बैठका काढायच्या असतात, मग बोलायचं असतं. तो हसला. मास्तर हसले नाहीत. सफारी सांभाळत त्याने खरोखर अकरा बैठका काढल्या, मग त्याला धाप लागली आणि तो निघून गेला. पोरं पोट धरून हसली. सेक्रेटरी मात्र हसले नाहीत. जाताना ते मास्तरांच्या कमरेच्या किल्ल्यांकडे बघत होते, ते माझ्या चांगलं लक्षात आहे.

आणखी काही आठवड्यांनी, एका मंगळवारी संध्याकाळी, साध्या कपड्यांतले दोन पोलीस आले. संपातला कुणी कार्यकर्ता इथे लपलाय अशी त्यांना खबर होती. आतल्या खोलीत त्या वेळी मी आणि मोहन दोघेच होतो. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसलो होतो. बाकी काही नाही, पण तेवढंही पुरेसं होतं. बाहेरून मास्तरांचा आवाज आला, "आलो रे, मारुतीराया." नेहमीपेक्षा मोठा. मग त्यांचा पोलिसांशी बोलण्याचा आवाज, की साहेब, आत देवाच्या तालमीचं सामान आहे, जरा चपला काढतो. आणि ते दारात उभे राहून एक पाय वर करून चपला काढायला लागले. एक काढली, दुसरी काढली. फटीतून मला दिसत होतं. त्यांच्या पायात चपला नव्हत्या.

पोलीस आत आले तेव्हा मोहन बैठका काढत होता आणि मी मुद्गल पुसत होतो. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, मोहनला नाव-गाव विचारलं आणि निघून गेले. ते गेले आणि मला दुसरीच एक गोष्ट उमगली. मास्तरांना ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. तो 'आलो' मारुतीला नव्हताच, आम्हाला होता. आम्ही ज्याला हसायचो तो रोज दहा वेळा आमच्यासाठी दारात थांबायचा, आम्ही सावरून बसेपर्यंत. कोणाचं नाव न घेणं, गावांची नावं, सगळं त्यातलंच. याबद्दल कृतज्ञ वाटायला हवं होतं. मला वाटली फक्त भीती. एका माणसाला आपलं गुपित ठाऊक आहे, या विचाराने मी दोन आठवडे व्यायामशाळेत पाऊल टाकलं नाही. परत गेलो तेव्हा दारात मास्तरांनी एवढंच विचारलं, "काय खाल्लंस?"

आता चिठ्ठीबद्दल.

मोहन आणि मी चिठ्ठ्या लिहायचो. तो मला कमी, मी त्याला जास्त. खडूच्या डब्यात तळाशी घालून ठेवायचो, कारण त्या डब्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे. आमच्यात चिठ्ठी लिहायची तर ती बाईला लिहिल्यासारखी लिहायची अशी रीत होती. परळनेच ती शिकवली होती. ऑफिसात मी दिवसभर इंग्रजीत पत्रं लिहायचो, तिथे येणारा आला की आली हे कळायची सोय नसते. आपली मराठी या बाबतीत फार चोंबडी. क्रियापद लगेच चुगली करतं. म्हणून 'कशी आहेस', 'कधी येतेस', 'रागावलीस का' असंच लिहायचं, म्हणजे चिठ्ठी कुणाच्या हाती पडली तरी एखाद्या पोरीचं लफडं समजून लोक हसतील आणि सोडून देतील. मी दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून हा नियम पाळला. मग एका मंगळवारी मोहन आला नाही. त्याच्या घरी मुलगी बघण्याची बोलणी चालू होती, हे मला परळकडून कळलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातच मी चार ओळी खरडल्या, संध्याकाळी मुद्दाम वाट वाकडी करून डब्यात टाकल्या आणि घरी गेलो. ध चा मा केलेला आपण ऐकलेला असतो. माझ्या हातून ली चा ला झाला. 'तू आली नाहीस' लिहायचं ते मी 'तू आला नाहीस' लिहिलं. लिहिताना लक्षातही आलं नाही. शुक्रवारीही मोहन आला नाही आणि चिठ्ठी डब्याच्या तळाशीच राहिली. शनिवारी सेक्रेटरींना फळ्यावर सभेची सूचना लिहायची होती. त्यांनी खडूचा डबा उपडा केला.

रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा पहिली नजर गेली ती फळ्यावर. फळा ओल्या फडक्याने लख्ख पुसलेला होता. एकही अक्षर नाही. आठवडाभराच्या जोड्या, सूचना, सगळं गेलेलं. मास्तर बाजूला उभे होते, आणि त्यांच्या हातातलं फडकं अजून ओलं होतं. त्या क्षणी मला कळलं की चिठ्ठी सापडली आहे आणि मास्तरांनी तिच्यातलं अक्षर ओळखलं आहे.

टेबलावर चिठ्ठी होती. कमिटीचे तिघे बसले होते आणि समोर तीसेक माणसं. मोहन नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, देवाच्या जागेत घाण सापडली आहे, ती मारुतीसमोर वाचून दाखवायला जीभ रेटत नाही. त्यांनी ती नुसती कमिटीच्या दोघांकडे सरकवली. त्यांनी वाचली. मग सेक्रेटरींनी चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आली नव्हे. आला. आला लिहिलंय. बाप्याने बाप्याला." माणसांत कुजबुज झाली. कुणीतरी पचकन थुंकलं. मागून एक जण म्हणाला, सापडू दे, हातपायच तोडू. तो मागच्याच महिन्यात माझ्याकडून अर्ज लिहून घेऊन गेला होता.

सेक्रेटरींनी कागद आणि पेन काढलं. ज्यांना लिहिता येतं त्यांनी एकेकाने पुढे यायचं आणि 'तू आला नाहीस' एवढं लिहायचं, असं ठरलं. परळने लिहिलं. त्याचा हात स्थिर होता, शिंप्याचा हात. काळाचौकीने लिहिलं. मग पेन माझ्या हातात आलं. मी वाकलो. मला आठवतं, मी माझ्या 'ल'ची शेपटी कापायची कशी याचा विचार करत होतो आणि बोटं ऐकत नव्हती. बहीण डोळ्यांसमोर येत होती. आईचा चेहरा येत होता. कागदावर एक टिंब उमटलं, एवढंच. तेवढ्यात माझ्या हातातलं पेन कुणीतरी काढून घेतलं.

"कागद फुकट घालवू नकात," मास्तर म्हणाले. "माझी हा ती चिठी."

आधी कुणाला समजलंच नाही. मग सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर, तुम्हाला लिहिता येत नाही."

"लिवन घेतलंय. मोठ्या पोस्टाभायर पत्रा लिवन देणारे बसतत, तेंच्याकडना. गावची पत्रा लिवन घेतंय, तशीच."

"आणि कुणासाठी?"

"जेच्यासाठी व्हती तो इलो नाय. तुमीच सांगलात ना आता."

चिठ्ठी मला पाठ होती. तिच्यात एक ओळ अशी होती की तिच्यावरून ती मास्तरांची असूच शकत नाही हे कुणालाही कळलं असतं. सेक्रेटरींनी ती ओळ वाचलेली होती, त्या दोघांनीही वाचलेली होती. मास्तरांना मात्र चिठ्ठीत काय आहे हे माहीत नव्हतं. त्यांना त्यातला एकच शब्द माहीत होता, नुकताच ऐकलेला. सेक्रेटरींनी चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग मास्तरांच्या कमरेकडे पाहिलं. चिठ्ठी कुणाची यापेक्षा किल्ल्या कुणाकडे हे त्यांना महत्त्वाचं होतं. "किल्ल्या ठेवा," ते म्हणाले.

मास्तरांनी किल्ल्या ठेवल्या. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या, चिठ्ठी आणि तो एकटा मुद्गल. चिठ्ठी माझी आहे तर माझ्याकडे द्या, म्हणाले. सेक्रेटरींनी ती जमिनीवर टाकली. मास्तरांनी वाकून उचलली, चौघडी घालून कनवटीला लावली, मुद्गल खांद्यावर घेतला आणि तीस माणसांमधून चालत गेले. ज्यांना त्यांनी पहिला जोर शिकवला होता त्यांनी त्यांना अंग लागू नये म्हणून बाजूला होऊन वाट दिली. माझ्या जवळून गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. मी फरशीकडे बघत होतो. 'माझी आहे' हे दोन शब्द मला उच्चारता आले असते. मी ते उच्चारले नाहीत. मला लाज वाटायला नंतर बरीच वर्षं मिळाली. त्या सकाळी मात्र मला फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि हे सांगताना मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

मी परत तिथे गेलो नाही. व्यायामशाळेत भाईची माणसं बसायला लागली असं कानावर आलं. मोहनचं लग्न झालं. बहिणीचंही चांगल्या घरी झालं. संप संपला असं कुणी कधी जाहीर केलं नाही, तो नुसता विरून गेला. मास्तरांची मिल उघडली नाही. ते गावी गेले, असं कोणी म्हणालं. मी शोध घेतला नाही. शोध घ्यायचा तर कुणाला तरी विचारावं लागलं असतं, आणि विचारलं की तुमचा त्यांचा काय संबंध, हा प्रश्न आला असता. माझं लग्न मी सबबी सांगून टाळलं, आई-वडील गेले, आणि गिरगावच्या त्याच घरात मी एकटा राहत राहिलो. व्यायाम सुटला, पोट सुटलं.

पंधराएक वर्षांनी दादरच्या मासळी बाजाराबाहेर मोहन भेटला. केस पिकलेले, सोबत शाळेत जाणारी मुलगी. आम्ही उभ्या उभ्या चार वाक्यं बोललो, शेजारी भेटल्यासारखी. निघताना तो हळूच म्हणाला, "मास्तर आमच्या कोळीवाड्यातच हायेत, बारा वर्षं झाली. मीच आणलं. पोरांना शिकवतात. जाऊन ये. तुला कायतरी विचारायचंय त्यांना."

त्या वाक्याने माझी झोप उडाली. काय विचारणार हे मला माहीत होतं असं मला वाटत होतं. तू त्या दिवशी का बोलला नाहीस, हेच. जाऊ नये असं दोन रविवार ठरवलं आणि तिसऱ्या रविवारी सकाळी माहीमला गेलो.

खाडीच्या बाजूला, जाळी वाळत घातलेल्या अंगणापलीकडे त्यांची खोली होती. दार उघडंच होतं. बाहेर बायका सुकट निवडत बसल्या होत्या, पोरं खेळत होती. मास्तर साठी ओलांडलेले, अंग आटलेलं, पाठ मात्र तशीच. कोपऱ्यात मुद्गल, पुसलेला. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी निरखून पाहिलं. "गिरगाव," म्हणाले. आणि लगेच, "काय खाल्लंस?" मी म्हटलं, पोहे. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि त्यांची खात्री पटली.

चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मी आतून वाट बघत होतो, कधी विचारतात. मग ते उठले, फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून तो कागद काढला. घड्यांवर चिरलेला, पिवळा पडलेला. माझ्या हातात दिला.

"ह्यात काय लिवलंस तां माका ठावक नाय," ते म्हणाले. "एकच शब्द ठावक हा. कोणाक वाचूक सांगतलो? मोहनाक पण नाय सांगलंय, तेचा घर आसा. वाच."

पंधरा वर्षं ते त्या कागदाबरोबर राहिले होते आणि त्यांना तो वाचता येत नव्हता. ज्याच्यासाठी सगळं गेलं ते काय होतं हे त्यांनी कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर वाचणाऱ्याला अक्षर दिसलं असतं. मी कागद उघडला. तो 'ला' तिथेच होता, शेपटीसकट. मी अगदी हलक्या आवाजात सुरुवात केली.

"मोठ्यान वाच. माका आता कमी ऐकाक येता."

मी दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं, बाहेर बायका, पोरं, रस्ता. इतक्या वर्षांनी, आई-वडील नसताना, बहीण तिच्या घरी सुखी असतानाही मी कागद अर्धा मिटला. मास्तरांना ते दिसलं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि माझ्याकडे पाठ करून चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात टेकवून उभे राहिले. सगळं दार त्यांच्या पाठीने भरून गेलं.

"आता वाच," म्हणाले.

मी त्यांच्या पाठीला वाचून दाखवलं.

"तू आला नाहीस. मी आठ वाजेपर्यंत थांबलो. मास्तरांनी दारात विचारलं, काय खाल्लंस, तर खोटं सांगितलं. तू येणार नाहीस असं वाटलं की अन्न जात नाही, हे त्यांना कसं सांगू? शुक्रवारी ये. जमलं नाही तर नुसतं दारावरून जा. बघून घेईन."

संपलं. एवढंच होतं ते. बाहेर कुणीतरी मास्तरांना हाक मारली, त्यांनी मान हलवली, पण ते दारातून हलले नाहीत. मी कागद मांडीवर ठेवला. पंधरा वर्षं न बोललेले दोन शब्द मला आता बोलायचे होते, आणि मी ते बोललो. म्हटलं, "मास्तर, माझी होती." आणि मग मला रडू आवरेना, लहान पोरासारखं, पोट सुटलेल्या माणसाने रडू नये तसं.

मास्तर वळून न बघता म्हणाले, "म्हंजे त्या दिसा उपाशी जोर काढलंस तर."

मी म्हटलं, हो.

मग ते रस्त्याकडे तोंड करून, बायका-पोरांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "आलो रे, मारुतीराया." आणि मी डोळे पुसून, कागदाची घडी घालून, सावरून बसेपर्यंत पाठ करून दारातच उभे राहिले.